त्याच्यासमोर त्याचं नाव

आमच्या डोंगराचं नाव मी तुम्हाला लगेच सांगणार नाही. राग मानू नका. आमच्या तंबूचं दार दक्षिणेला आहे आणि दारातून तो दिसतो. तो दिसत असताना त्याचं नाव घ्यायचं नसतं. 'खैरखान' म्हणायचं, म्हणजे दयाळू. सून सासऱ्याचं नाव घेत नाही, तसंच आहे ते. मी दोन्ही पाळलं. माझ्या सासऱ्यांचं नाव चुलून, म्हणजे दगड. तेव्हा लग्न झाल्यापासून मी दगडाला दगड म्हटलं नाही, 'ते कडक' म्हणत आले. चुलीला तीन 'कडक' लावायचे. नवऱ्याला हसू यायचं, सासूबाईंना येत नसे.

नवऱ्यालाही मी कधी नावानं हाक मारली नाही. पण सांगताना सगळे म्हणायचे तसं दामदा म्हणते, नाहीतर तुमचा घोळ होईल. खरं नाव दामदिनबाजर. एवढं लांब नाव घोड्यावरून हाक मारायला कोणाला वेळ आहे? सगळ्या सूममध्ये, म्हणजे आमच्या तालुक्यात, ते दामदाच होते.

आमचे पाच तंबू परदेशी पाहुण्यांसाठी आहेत. तेव्हाही पाचच होते. मी रांधायचे, दामदा पाहुण्यांना घोड्यावरून खैरखानाच्या अंगाखांद्यावर फिरवून आणायचे. बारा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही. तेव्हा फोन असायचा, पण रेंज फक्त मागच्या टेकडीवरच्या ओवोपाशी मिळायची. ओवो म्हणजे आमचा 'कडकां'चा ढीग, निळ्या फडक्यांचा, देवाचा. तिथून खैरखान अख्खा दिसतो, पायापासून डोक्यापर्यंत. देवाला नमस्कार करायची जागा नि रेंज मिळायची जागा एकच. लोक एका हातानं दूध शिंपडायचे, दुसऱ्या हातानं फोन कानाला लावायचे.

परदेशी लोकांना त्याचं नाव काही झेपत नसे. चार पाहुणे आले की चार तऱ्हा. मग एका उन्हाळ्यात कोणीतरी 'झेड' म्हणायला लागलं. त्यांच्या लिपीतलं पहिलं अक्षर तेवढं ठेवलं नि बाकीचं टाकून दिलं, कोंबडीची पिसं टाकावी तसं. पुढच्या वर्षी येणारे घरूनच 'झेड' शिकून यायचे. "आज झेड दिसत नाही." "उद्या झेडवर जायचं." एका जर्मन बाईनं तर ते अक्षर छापलेली बनियन मला भेट दिली. मी तिची पोतेरी केली.

राजधानीच्या लांब नावाचंही तेच. ते नुसतं 'यूबी' म्हणतात, आता आमची मुलगीसुद्धा म्हणते. म्हणू दे. शहर काय, काल वसलं. खैरखान कोणी वसवलेला नाही.

"त्याला काय फरक पडतो?" दामदा म्हणायचे. "तो येत नाही नि जात नाही. पाहुणे येतात नि जातात. त्यांच्याशी गोड बोलावं."

"तुम्ही गोड बोला. मी रांधते, तेवढं बस्स."

"तू रांधताना पण बोलतेसच की."

खरं होतं ते. माझी जीभ काही गप्प बसणारी नव्हती. आता बसते.

त्या जूनमध्ये लॉकी आला. ऑस्ट्रेलियाचा, चाळिशीचा, एकटाच, लाल दाढीचा. बाकीचे पाहुणे तीन दिवस राहतात, हा आठवड्यापेक्षा जास्त राहिला. शेण्यांची टोपली पाठीला लावून माझ्याबरोबर यायचा. आमची भाषा तोडकीमोडकी बोलायचा, मला 'खोर्लोताई' म्हणायचा, नि खारट चहा न कुरकुरता प्यायचा. मला आवडला होता तो, हे सांगायलाच हवं. म्हणून तर मी त्याच्यावर ओरडले. परक्याला कोण ओरडतं?

सकाळची वेळ होती. मी मळलेलं पीठ लाटत होते. तो दारात उभा राहून आळस देत म्हणाला, "वा, आज झेड काय झकास दिसतोय."

मी लाटणं खाली ठेवलं. "लॉकी, इकडे ये. बस."

तो बसला.

"तुझ्या वडलांचं नाव काय?"

त्यानं काहीतरी लांबलचक सांगितलं.

"त्यांना मी 'अ' म्हटलं तर चालेल? 'अ'ला चहा द्या, 'अ'ला सरक म्हणावं?"

तो हसला. दामदाही हसले. ते कोपऱ्यात बसून खोगिराचा पट्टा शिवत होते. मी हसले नाही, तेव्हा लॉकीच्या लक्षात आलं की बाई थट्टा करत नाहीये.

"ताई, आमच्याकडे तसं नसतं," तो म्हणाला. शब्द शोधत शोधत, अर्धं दामदांना विचारत. "माझं नाव लॉकलन. आई लॉकी म्हणते. पूर्ण नाव ती फक्त मारायच्या वेळी घ्यायची. जे आवडतं ते आम्ही छोटं करतो. झेड मला आवडतो, म्हणून झेड."

"बघ," दामदा म्हणाले, "आणि माझं दामदा कोणी केलं? तुझ्याच सासूनं."

"माणसाचं नाव तोडलं तर माणूस ओ तरी देतो," मी म्हटलं. "नको असेल तर नको म्हणतो. ह्याला बोलता येत नाही म्हणून ह्याचं वाटेल तसं तोडायचं? आणि आम्ही इथे जन्म काढला तरी त्याच्यासमोर त्याचं नाव घेत नाही. तुम्ही आठ दिवसांचे पाहुणे. तुम्ही त्याच्या तोंडावर त्याचं नाक कापता."

दामदांनी हे सगळं त्याला सांगितलं की नाही, देव जाणे. थोडं गोड करून सांगितलं असणार. पण लॉकीचा चेहरा उतरला. त्यानं टोपी काढली. मला वाटलं, जरा जास्तच बोलले. पण माघार घेईन तर मी खोर्लो कसली.

तो म्हणाला, "मग मला पूर्ण नाव शिकवा."

"इथे नाही. तो ऐकतो."

तेव्हा दामदा त्याला ओढ्याच्या वळणापलीकडे घेऊन गेले, जिथून खैरखान दिसत नाही. अर्ध्या तासानं दोघं परत आले. लॉकीचे ओठ हलत होते, शाळेत पाढे पाठ करतात तसे. माझ्यासमोर येऊन त्यानं छातीवर हात ठेवला, डोंगराकडे मान वळवली नि ओठांवर बोट ठेवलं. पुन्हा कधी झेड म्हणणार नाही, असं त्यानं मला वचन दिलं. मी त्याला लोण्याचा मोठा गोळा दिला. मला वाटलं, आज एक तरी माणूस सुधारला.

म्हणतात ना, मारणाऱ्याचा हात धरता येतो, बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही. मी धरलं.

त्यानंतर दोन दिवसांनी अवकाळी बर्फ पडलं. आमच्याकडे जूनमध्येही पडतं, नवल नाही. सगळे डोंगर पांढरे झाले. बर्फ थांबल्यावर सकाळी लवकर दामदा नि लॉकी दोघंच निघाले, उत्तरेच्या घळीपर्यंत जाऊन दुपारी परत यायचं म्हणून. आमचा गाडीवाला पीठ नि डिझेल आणायला सूमच्या गावी गेलेला. शेजारचे लोक उन्हाळी कुरणावर. तंबूत मी एकटी.

दहाच्या सुमाराला लॉकी एकटाच आला. घोडा फेसानं भरलेला. घळीच्या तोंडाशी दामदांचा घोडा घसरला होता, बर्फाखालच्या त्या सुट्या कडक... त्या दगडांवरून. घोडा त्यांच्या अंगावर पडला, उठला, निघून गेला. दामदांना उठता येत नव्हतं. कंबर मोडली होती. लॉकीनं स्वतःचा कोट नि झोपायची पिशवी त्यांच्यावर घातली होती.

"बोलतायत?" मी विचारलं.

"बोलतायत. म्हणाले, खोर्लोला सांग, फोन कर."

आम्ही दोघं घोड्यावरून ओवोच्या टेकडीवर गेलो. फोनची बॅटरी एक काडी उरली होती, थंडीनं. लॉकीच्या फोनला आमच्याकडे रेंजच नव्हती. मी जिल्ह्याच्या गावी संकटाचा नंबर लावला. एका बाईनं उचलला. आवाज माझ्याच वयाचा, शांत.

मी सांगितलं, माणूस पडलाय, घोडा अंगावर पडलाय, कंबर मोडलीय, हलवता येत नाही. सूमचं नाव सांगितलं. ती भराभर विचारत होती, मी भराभर सांगत होते. मग ती म्हणाली, "नक्की कुठे?"

"खैरखानाच्या उत्तरेच्या घळीत."

"कोणत्या खैरखानाच्या, ताई?"

आता हे समजून घ्या, आमच्यात पवित्र डोंगर म्हटला की तो खैरखानच. आमच्या सूममध्ये मोठे खैरखान दोन. एक आमचा, दुसरा पश्चिमेला, गरम झऱ्यांपाशी. दोघांमध्ये गाडीनं चार तास. हे मला माहीत नव्हतं का? पोराबाळांनाही माहीत आहे.

मी वर पाहिलं. तो समोर होता. एवढा जवळ नि एवढा स्वच्छ मी त्याला क्वचितच पाहिला असेल. माझा माणूस त्याच्या मांडीवर पडलेला होता. आणि मी त्याच्या ओवोपाशी उभी राहून त्याच्या तोंडावर त्याचं नाव घेणार होते. जीभ उचललीच नाही. खोटं सांगत नाही, मनात आलं की आज नाव घेतलं तर हा तिकडे दामदांना सोडणार नाही. मला त्यांचा जीव वाचवायचा होता. म्हणूनच मी नाव घेतलं नाही.

"मोठा," मी म्हटलं. "बर्फाचा."

"आज सगळ्यांवरच बर्फ आहे. नाव सांगा ना."

"बाई, मी त्याच्यासमोर उभी आहे."

परदेशी बाई असती तर म्हणाली असती, मग काय झालं? ही आमचीच. तिलाही सासू असणार.

"बरं, बरं," ती म्हणाली. "समजलं मला."

लॉकी माझ्या शेजारीच होता. आमचं सगळं बोलणं त्याला कळलं नसेल, पण 'खैरखान' नि 'नाव' हे दोन शब्द त्याला चांगले कळत होते. त्यानं माझी बाही ओढली. हळूच म्हणाला, "ताई, झेड म्हणा. त्यांना झेड सांगा."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्या दिवशी पीठ लाटताना पाहिलं होतं तसंच. त्यानं मान खाली घातली. मग फोन बंद पडला.

आम्ही घळीत गेलो. दामदा शुद्धीवर होते. चेहरा मेणासारखा झाला होता. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, थर्मासमधला चहा चमच्यानं पाजला. लॉकी थोडा खाली उभा राहून वाटेकडे बघत राहिला.

"फोन लागला?" दामदांनी विचारलं.

"लागला. निघालेत."

"नाव सांगितलंस?"

"खैरखान सांगितलं."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "दोन आहेत गं आपल्याकडे."

"तिला समजलं. ती म्हणाली, समजलं."

"मग ठीक आहे," ते म्हणाले. माझा हात थोपटला. मला बरं वाटावं म्हणून म्हणाले, हे मला तेव्हाही कळलं.

दोन तासांत यायला हवे होते. दोन तास झाले, तीन झाले. दामदा पाहुण्यांच्या बिलाबद्दल बोलले, पिवळ्या घोडीच्या खुराबद्दल बोलले, मुलीला सांग म्हणाले पण काय सांगायचं ते म्हणाले नाहीत. लॉकीला म्हणाले, "दाढी काढ, बकऱ्यासारखा दिसतोस." चार वाजायच्या आधी गेले. सावली अजून ओढ्यापर्यंत आली नव्हती. मी रडले नाही. माझा पाय मुंग्या येऊन बधिर झाला होता, तो मी हलवला नाही. त्यानंतर बाकीचंही काही हललं नाही माझ्या आत, आजवर.

गाडी संध्याकाळी आली. ती आधी गरम झऱ्यांच्या खैरखानाला गेली होती. तिथली उत्तरेची घळ त्यांनी दोनदा पालथी घातली. बरोबरचा डॉक्टर तरुण होता, त्यानं दामदांचं पोट दाबून पाहिलं नि हातमोजे काढले. मी विचारलं, वेळेवर आला असतात तर? तो म्हणाला, "काकू, आता ते कशाला?" मी पुन्हा विचारलं. तेव्हा त्यानं खरं सांगितलं. दोन वाजेपर्यंत आलो असतो तर वाचले असते.

क्रियाकर्म झाल्यावर कागदावर सही करायला मला जिल्ह्याच्या गावी बोलावलं. फोनवरची बाई तिथेच होती. यांजिव नाव तिचं. जाड चष्मा, स्वेटरची कोपरं फाटलेली. मला पाहून उभी राहिली. तिनं माझे हात धरले नि ती रडली. मी तिला म्हटलं, बस, पाणी पी.

"ताई, मी पुन्हा विचारायला हवं होतं," ती म्हणाली. "पण तुम्ही म्हणालात त्याच्यासमोर उभी आहे, मग माझं तोंडच उघडेना. आमचा तो झऱ्यांचा आहे ना, लहानपणापासून आमच्या घरात नुसतं 'मोठा खैरखान' म्हटलं की तोच. मला दुसरा सुचलाच नाही."

"मी तुझ्या जागी असते तर मीही विचारलं नसतं," मी म्हटलं. ते खरंच होतं.

तिच्या मागच्या भिंतीवर नकाशा होता. परदेशी लोकांनी प्रवाशांसाठी छापलेला, रंगीत. आमचा सूम मला लगेच सापडला. आमच्या खैरखानावर पूर्ण नाव नव्हतंच. एक मोठं लाल अक्षर होतं. झऱ्यांच्या डोंगरावर मात्र पूर्ण नाव होतं, ते त्यांना सोपं गेलं असणार.

"हे काय आहे?" मी विचारलं. मला माहीत होतं, तरी विचारलं.

"ते होय, झेड," यांजिव म्हणाली. "परदेशी लोकांचे फोन येतात ना, वाट चुकलो, टायर फुटलं. तुमच्या डोंगराला ते झेडच म्हणतात. गाड्यांचे ड्रायव्हरपण म्हणतात हल्ली. तुम्ही झेड म्हणाला असतात तरी..."

ती थांबली. उशिराच थांबली.

मी सही केली. परतीच्या वाटेवर, गाडीत, माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. झेड हे त्याचं नावच नाही. तोडलेलं आहे, अर्धं सोडा, सहावा हिस्साही नाही. म्हणूनच तर मी चिडले होते. मग ते त्याच्यासमोर म्हटलं असतं तर त्याचं नाव घेतल्याचं पाप कुठून लागलं असतं? लॉकीला तेवढी अक्कल होती. तो माझ्या कानाशी उभा राहून सांगत होता. मी त्याला डोळ्यांनी गप्प केलं, नि तो गप्प बसला, कारण त्यानं मला वचन दिलं होतं.

जाताना लॉकी माझ्या दारात उभा राहिला. दाढी काढून आला होता, म्हणून मी त्याला आधी ओळखलंच नाही. दरवर्षी नववर्षाला त्याचं कार्ड येतं. पत्त्यात तो डोंगराचं पूर्ण नाव लिहितो, एकही अक्षर न गाळता. आमचा पोस्टमनसुद्धा एवढं लिहीत नाही. मी उत्तर दिलेलं नाही. काय लिहू? लिहू का, की बाबा, तू सुधारलास ते चुकलं?

पाहुणे अजून येतात. अजून झेड म्हणतात. मी आता कोणाला काही बोलत नाही, चहा देते. गेल्या वर्षी एका बाईनं विचारलं, आम्ही असं म्हटलेलं तुम्हाला अपमानाचं वाटतं का? कुठेतरी वाचून आली होती. मी म्हटलं, आधी वाटायचं. ती म्हणाली, आता? मी म्हटलं, भाजीत मीठ बरोबर आहे का बघ.

या वसंतात मी ओवोवर गेले. रोज जातेच, दूध शिंपडायला. आता रेंज तंबूतही येते, त्यामुळे वर कोणी नसतं. हवा स्वच्छ होती, तो अख्खा दिसत होता, घळीसकट. मी दूध शिंपडलं. मग सरळ उभी राहिले नि त्याच्या तोंडावर त्याचं नाव घेतलं. झेरगेनेत ओंदोर खैरखान. मोठ्यानं घेतलं, म्हाताऱ्या माणसाला ऐकू जाईल असं. एकदा घेतलं, पुन्हा घेतलं.

सासूबाई सांगायच्या, नाव घेतलं तर वादळ येतं, गुरं मरतात, घरातलं माणूस जातं. मी वाट पाहिली. निदान एखादा दगड तरी घसरावा, असं मला फार वाटत होतं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. मग बारा वर्षांपूर्वी माझं गप्प राहणं कशासाठी तरी होतं, असं म्हणता आलं असतं.

काही झालं नाही. वाराही आला नाही. खाली पिवळी घोडी चरत होती, तिनं मान वर केली नि पुन्हा खाली घातली. मी भांडं उचललं, खाली आले आणि पाहुण्यांचा चहा ठेवला.